खरा दगड उखडायचा, नकली बसवायचा

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. पण घरच्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचं चाललं असेल तर ठेकेदाराच्या हातावर ॲडव्हान्स ठेवायच्या आधी वाचा. आणि चावडीपुढच्या अंगणाचं एस्टिमेट ज्यांनी केलंय त्यांनी तर वाचाच. तुम्ही माझ्या पोस्ट बघता हे मला माहीत आहे, लाइक करत नाही एवढंच.

आपल्या भागात दरवर्षी एक साथ येते. दिवाळी झाली की सुरू होते आणि मृग लागेपर्यंत चालते. जुन्या घराचं, मळ्यातल्या वाड्याचं, देवळाचं अंगण दिसलं की जेसीबी बोलवायचा. तीन-चार पिढ्या जागचा न हललेला काळा घडीव दगड बकेटनं उचकटायचा, ट्रॉलीत भरायचा, खाली सिमेंट ओतायचं आणि वर लाल-पिवळे ठोकळे मांडायचे. मग नारळ, मग फ्लेक्स. फ्लेक्सवर 'सुशोभीकरण' असा शब्द. या शब्दाचं आपल्याकडे जेवढं वाटोळं झालंय तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दाचं झालं नसेल.

हा ठोकळा कशाचा बनतो ते एकदा बघू. खडी, क्रश सँड आणि सिमेंट. खडी येते कुठून? आपल्याच डोंगरातून. सुरुंग लावून काळा पाषाण फोडतात, क्रशरमध्ये भरडतात, सिमेंट कालवतात, साच्यात दाबतात, वरून रंग. म्हणजे डोंगरातला दगड फोडून त्याचा चुरा केला, चुऱ्याचा पुन्हा दगडासारखा ठोकळा केला आणि तो ठेवायला जागा पाहिजे म्हणून अंगणातला अस्सल दगड उखडला. हा शहाणपणा कुठल्या शाळेत शिकवतात?

बरं, उखडलेला दगड जातो कुठं? गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. बरा असेल तो दलाल नेतो. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब, दारं, चौकटी नेणारी जी माणसं आहेत, तीच आता दगडही नेतात. तो रिसॉर्टच्या दारात लागतो, शहरातल्या माणसाच्या फार्महाऊसच्या पायवाटेला लागतो. तिथं त्याला 'हेरिटेज लुक' म्हणतात आणि नगावर पैसे मोजतात. आपण तोच दगड राडारोडा म्हणून फुकट दिलेला असतो, वर उचलून न्यायची मजुरीही दिलेली असते. उरलेला कुणाच्या तरी पायात गाडला जातो.

आता मी कशाच्या जोरावर बोलतोय ते सांगतो. माझ्या मामांचा मळ्यातला वाडा तुमच्यापैकी काहींनी बघितलाय. वाडा म्हटलं की लोकांना नगारखाना आठवतो, तसलं काही नाही. शेतकऱ्याचं घर आहे. मधी चौक, तिन्ही बाजूंनी सोपा, एका अंगाला गोठा. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब तळखड्यांवर उभे. चौक तीस फूट बाय वीस फूट, सगळा घडीव दगडाचा.

या चौकाचा अर्धा भाग मामांनी बारा वर्षांपूर्वी सिमेंटनं लिंपून घेतला होता. तेव्हा ती फॅशन होती. सोयाबीन वाळवायला गुळगुळीत जागा पाहिजे हे कारण. दगड काढले नाहीत, त्यांच्यावरच चार इंच काँक्रीट ओतलं. उरलेला अर्धा चौक पैसे संपले म्हणून तसाच राहिला. त्यामुळं झालं काय, की एकाच घरात, एकाच पावसात, एकाच मातीवर अर्धं अंगण दगडाचं आणि अर्धं सिमेंटचं अशी आयती प्रयोगशाळा तयार झाली. बारा वर्षं चाललेला प्रयोग. कुठल्या कॉलेजात मिळणार?

निकाल ऐका. सिमेंटच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत ओली. लोणा लागलेला, हात फिरवला की पापुद्रे पडतात. त्या बाजूचे दोन तळखडे काँक्रीटमध्ये बुडालेले, त्यामुळं खांबाचं लाकूड थेट ओलीत. एकाला वाळवी लागून बूड पोकळ झालेलं. चौक त्या बाजूला चार इंच उंच झाल्यामुळं मोठ्या पावसात पाणी सोप्यात शिरायचं, मग उंबऱ्याला विटा लावायच्या. आणि दगडाच्या बाजूला? पाच-सहा दगड खचलेले, एका कोपऱ्यात घुशीनं पोखरलेलं, दोन दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप. बस. त्या बाजूची भिंत हाताला कोरडी लागते.

यात चमत्कार काही नाही. जमिनीत ओल असतेच, उन्हाळ्यातसुद्धा असते, ती वर येते. दगडांच्या फरसबंदीत दर दोन फुटांवर फट आहे, तिथून ती निघून जाते. आपला काळा दगड स्वतः पाणी पीत नाही, पण त्याच्या दर्जा पितात आणि सोडतात. वरून सिमेंटचं झाकण लावलं की ओलीला निघायला एकच वाट राहते, ती म्हणजे भिंत. मातीची भिंत ती वर ओढून घेते, पाणी वाळतं, क्षार मागं राहतात, लोणा धरतो. मग आपण म्हणतो, जुनी घरं आता टिकत नाहीत. टिकतील कशी? तुम्ही तिचं नाक दाबून धरलंय.

मागच्या उन्हाळ्यात मामांनी ठेकेदाराला बोलावलं. त्यानं दोन मिनिटांत हिशेब मांडला. सगळं उखडा, एका लेव्हलला पीसीसी करू, वर ब्लॉक, चार दिवसांत चकाचक, गाडी आत लागेल. मामा हो म्हणायच्या बेतात होते. मामी सोप्यातून म्हणाली, "आधी ते सिमीट काढा. ते टाकल्यापासनं भिंत वली हाय. दगडानं काय घोडं मारलंय तुमचं?"

मग शोध पाथरवटाचा. आठ दिवस लागले. ज्या गावात एकेकाळी पाथरवटांची आळीच होती तिथं आता एक सत्तरीचे बाबा आणि त्यांचा पुतण्या, एवढेच दोघं दगडाला हात लावणारे. बाकी पोरं क्रशरवर नाहीतर टेम्पोवर. बाबा पाटे-वरवंटे करतात, त्यालाही आता मिक्सरमुळं गिऱ्हाईक नाही. चौकात येऊन त्यांनी पहिलं काय केलं, तर चपला काढल्या आणि सगळ्या दगडांवरून अनवाणी एक फेरी मारली. कुठला हलतो, कुठला ढोबळा आहे, पायानंच ओळखलं.

काम कसं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण 'आता असं काम करणारं कोण राहिलंय' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय.

आधी फोटो काढले आणि प्रत्येक दगडावर गेरूनं नंबर घातला. दोनशे चाळीसच्या घरात दगड. नंबर कशाला? कारण प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या मापानं घडवलेला असतो. जागा बदलली की फट पडते. सिमेंटचा थर छन्नी-हातोड्यानं फोडला. ब्रेकर आणू दिला नाही, त्यानं खालचा दगड तडकतो. धुळीवरच काँक्रीट ओतलेलं असल्यामुळं त्याच्या लाद्या सुटत गेल्या, तरी नऊ दगड फुटलेच. ते कडेला वापरले. दगड पहारीनं उचलायचा, दोरात घ्यायचा आणि चौघांनी बाजूला लावायचा. दोन बाय दीड फुटाचा, सहा इंच जाडीचा दगड शंभर किलोच्या वर भरतो. त्याचं वरचं तोंड सपाट आणि बूड ओबडधोबड निमुळतं. तेच बूड त्याला जमिनीत धरून ठेवतं. ठोकळ्याला बूडच नाही, म्हणून वर्षभरात तो नाचायला लागतो.

खाली जुना मुरमाचा थर निघाला, त्याच्या खाली गोटे. ज्यानं कुणी हा चौक केला त्याला पाणी कुठं जातं हे कळत होतं. खचलेल्या जागी नवा मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. एकदम नाही, चार-चार इंचाच्या थरानं. त्यावर दोन इंच बारीक चाळलेला मुरूम. इथं वाळू घालतात, पण नदीची वाळू मिळत नाही, आणि मिळते ती कशी मिळते हे मी बातमीत लिहून झालंय, परत लिहीत नाही.

मग ढाळ. सगळा खेळ ढाळाचा. मोरीपासून सुरुवात केली. पाच फुटाला एक इंच, नळीनं लेव्हल काढून दोऱ्या ताणल्या. मोरीकडचा पहिला दगड बसला की बाकीचे त्याच्या मागं लागतात. प्रत्येक दगड ठेवायचा, पहारीनं हलवायचा, बसत नसेल तर उचलून खालचा मुरूम खरवडायचा, पुन्हा ठेवायचा. डगडग राहिली तर बुडाला चिपा मारायच्या. बाबा शेवटी त्यावर टाच ठेवून अंगाचं वजन टाकायचे आणि मान हलवली तरच पुढचा. एकेका दिवसात दहा-बारा दगड, जास्त नाही.

दर्जा चुन्यानं भरल्या. कळीचा चुना आधीच खड्ड्यात विरवून मुरत ठेवलेला होता, त्यात बारीक मुरूम, गुळाचं पाणी आणि हिरडा. प्रमाण किती ते विचारू नका, मला सांगितलं नाही. आठवडाभर वरून ओली गोणपाटं. ज्या दगडांवर चालून चालून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं त्यांना टाकी लावून घेतली. पूर्वी दारावर 'टाकीऽऽ' म्हणत बायका यायच्या आणि पाट्याला, जात्याला टाके घालून द्यायच्या, तेच काम मोठ्या दगडाला. म्हातारी माणसं घसरतात म्हणून दगड काढायचा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. घसरण एका दिवसाच्या टाकीनं जाते.

भिंतीच्या कडेनं एक वीतभर पट्टी फरशीशिवाय सोडली, त्यात गोटे भरले. तुळशीभोवती माती मोकळी. मोरीचं पाणी परसातल्या शोषखड्ड्यात. पोकळ झालेल्या खांबाचं बूड सुतारानं कापून नवा तुकडा सांधला आणि तळखडा पुन्हा उघडा केला. सगळं मिळून तीन आठवडे.

आता पाण्याचा हिशेब करा. तीस बाय वीस म्हणजे सहाशे चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की नुसत्या चौकात सुमारे चौदाशे लिटर पाणी. चारी बाजूंची कौलं चौकातच उतरतात, ते वेगळं. या पावसाळ्यात सोप्यात एकदाही पाणी आलं नाही. बारक्या सरी फटीतच जिरल्या, मोठ्या सरींचं पाणी मोरीनं गेलं. भिंत मात्र अजून पुरती सुकलेली नाही. बाबा म्हणतात दोन उन्हाळे जातील. बारा वर्षांची ओल आहे, तीन आठवड्यांत कशी जाईल?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहिलेलं असतं. त्या भिंतीच्या खालीच भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लॉक, बोटभर माती मोकळी नाही. जिरवायचं कुठं, भिंतीत?

लोक म्हणाले, मामांना पैसा जास्त झाला. खर्च ब्लॉकपेक्षा कमी आला असं मी म्हणणार नाही, मजुरी जास्त लागली. पण पैसा गेला कुठं ते बघा ना. दगड घरचाच होता, मुरूम शेजारच्या शेतातला. बाकी सगळा पैसा पाथरवट, त्याचा पुतण्या, चार मजूर आणि एक सुतार यांच्या हातात गेला आणि त्यांनी तो आपल्याच बाजारात खर्च केला. ब्लॉकचे पैसे कारखान्याला, सिमेंट कंपनीला, ट्रान्सपोर्टला आणि... जाऊ द्या, टक्केवारीवर मी बोललो की फोन येतात. गावातल्या कारागिराला मिळतात ते फक्त मांडणीच्या दोन दिवसांचे.

दुसरा एक आक्षेप आला, तो मला महत्त्वाचा वाटतो. एका तरुण मित्रानं लिहिलं, "तुमच्या वाडा संस्कृतीचं कौतुक आम्हाला नको. त्या चौकात आमच्या आज्याला पायरीच्या वर येऊ देत नव्हते." खरं आहे. हे दगड ज्यांनी खाणीतून काढले, घडवले, डोक्यावरून आणले त्या वडार-पाथरवटांना, ज्यांनी खालचा मुरूम ठोकला त्यांना त्याच अंगणात बसायची मुभा नव्हती. वाड्यांच्या आठवणींनी गळा काढणाऱ्या पोस्टमध्ये हे कधी येत नाही आणि म्हणून मलाही त्या पोस्टचा वीट येतो. पण मित्रा, मग तर हा दगड तुझ्या आज्याचाच जास्त आहे. पाटलानं नुसता हुकूम सोडला, टाकीचे घाव तुझ्या माणसांचे आहेत. जेसीबीनं उखडून दलालाच्या ट्रकात जातं ते पाटलाचं नाव नाही जात, ते काम जातं. आणि आज त्या कामाची योग्य मजुरी मागता येईल असे दिवस आलेत तर कामच बंद करून टाकायचं? पाथरवटाच्या पुतण्यानं मला विचारलं, "भाऊ, असली अजून किती अंगणं निघतील?" त्याला लग्न करायचंय. त्याला उत्तर द्यायला मला संस्कृतीबिंस्कृती नको, कामाच्या ऑर्डरी पाहिजेत.

पंढरपूरचं उदाहरण घ्या, म्हणजे मी एकटाच येडा नाही हे पटेल. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात जतनाचं काम झालं तेव्हा पुढच्या काळात भिंतींवर आणि जमिनीवर चढवलेलं चकचकीत काम काढून मूळचा दगड मोकळा केला. त्यासाठी पायावरचं दर्शन काही आठवडे बंद ठेवावं लागलं. त्याच कामात फरशीखाली एक तळघर सापडलं आणि त्यात जुन्या मूर्ती. ज्यांनी एकेकाळी ते चकचकीत काम केलं त्यांचीही भावना 'सुशोभीकरण' हीच असणार. पुढच्या पिढीला ते काढायला सरकारी तिजोरीतून कोट्यवधी रुपये लागले. आणि आपण २०२४ नंतरही आपल्या मारुतीच्या देवळात नेमकं तेच चढवतोय जे पंढरपुरात उतरवलं. कुणाला तरी लाज वाटली पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये शिवरायांचे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, बारा किल्ले, त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले. आपण फटाके वाजवले, मीही बातमी आठ कॉलम लावली. त्याच आठवड्यात आपल्याच तालुक्यात एका देवळाच्या पटांगणातला दगड ट्रॉलीत भरताना मी डोळ्यांनी बघितला. किल्ल्यावर चुन्याचा घाणा दिसला की सेल्फी, आणि गावातली चुन्याची भट्टी कुठं होती ते विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. रविवारी गाडी काढून मेणवलीला जायचं, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर बसून फोटो काढायचे, 'स्वदेस'चं शूटिंग इथंच झालं म्हणायचं, आणि सोमवारी घरी येऊन ब्लॉकचा रंग निवडायचा. अहो, तो घाट दगडाचा आहे म्हणून तुम्ही तिथं बसलात.

पेव्हर ब्लॉकशी माझं वैर नाही. एसटी स्टँडवर टाका, बाजार समितीत टाका, जिथं खाली नुसता चिखल आहे तिथं टाका. आणि टाकायचाच तर नीट, खाली वाळूच्या थरावर टाका, म्हणजे निदान पाणी तरी जिरेल आणि पाईप फुटला तर उचलता येईल. आपल्याकडे खाली काँक्रीट ओतून वर ब्लॉक चिकटवतात, म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं आलं. आणि दर वेळी जुन्याच्या वर नवा थर! पेठेतल्या रस्त्याचं बघा. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, आता ब्लॉक. ज्या घरांना दोन पायऱ्या चढून जायचो त्यांत आता एक पायरी उतरून जावं लागतं. मग पाऊस आला की घरात पाणी, मग पंचनामा, मग नेत्यांची भेट, मग फोटो.

उन्हाळ्यात दगड तापतो, विंचू निघतात वगैरे. तापतो, मान्य. संध्याकाळी दोन बादल्या शिंपडा. विंचू ब्लॉकखालीही निघतो, त्याला रंगाशी देणंघेणं नाही.

आता मुद्द्याचं. चावडीपुढचं अंगण. गावातली शेवटची मोठी फरसबंदी तीच उरली आहे. पिंपळाच्या पारापासून चावडीच्या पायरीपर्यंत, मी पावलांनी मोजली, मामांच्या चौकाच्या तिप्पट तरी भरते. खचलेली आहे, मधे नळाच्या पाईपसाठी चर खणून तो सिमेंटनं बुजवलाय, एका कोपऱ्यात कचरा पेटवून दगड तडकलेत. दुरुस्तीची गरज आहे यात वाद नाही. पण आलेल्या एस्टिमेटमध्ये दुरुस्ती हा शब्दच नाही. आहे ते 'जुनी फरशी काढून टाकणे' आणि पुढं पीसीसी, पुढं ब्लॉक. आणि पिंपळाच्या बुंध्याला टेकेपर्यंत ब्लॉक. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटपासून मोकळी ठेवा हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी सांगितलं. दिल्लीच्या झाडाला श्वास लागतो आणि आपल्या पिंपळाला लागत नाही असं काही आहे का?

काढून टाकलेल्या दगडाचं काय करणार, याबद्दल त्या कागदात एक ओळ नाही. सहा इंच जाडी धरली तर मामांच्या सहाशे फुटांत तीन ब्रास दगड होता. चावडीपुढं त्याच्या तिप्पट म्हणजे नऊ ब्रास, तोही खाणीतला नव्हे, हातानं घडवलेला. ही ग्रामपंचायतीची मालमत्ता आहे. म्हणजे तुमची-माझी. एखाद्यानं चावडीतला पंखा घरी नेला तर आपण बोंब मारू, आणि नऊ ब्रास घडीव दगड 'राडारोडा' म्हणून गेला तर बघत बसू?

ग्रामसभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे, तुम्हीही विचारा, म्हणजे एकट्याला खाली बसवता येणार नाही. दगड उचलून त्याच जागी पुन्हा बसवायचं एस्टिमेट एकदा तरी करून बघितलं का, आणि नसेल तर का नाही. निघणारा दगड मोजून वहीत कोण लिहिणार आणि कुठं ठेवणार. तिसरी गोष्ट, मारुतीच्या देवळापुढचा दगड तीन वर्षांपूर्वी निघाला तो कुठं आहे, लिलाव झाला का, झाला असेल तर पैसे कुठल्या खात्यात जमा झाले. या तिसऱ्या प्रश्नासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर आलं की इथंच लावतो, नाही आलं तर तेही लावतो.

ठरावावर सही करताना सदस्यांना एवढंच सांगणं आहे की मामांचा वाडा चावडीपासून चार किलोमीटर आहे. मोटरसायकलवर दहा मिनिटं. या, चौकात अनवाणी फिरा, दोन्ही बाजूंच्या भिंतीला हात लावून बघा. मामी चहा केल्याशिवाय सोडत नाही.

पाथरवट बाबांचा नंबर ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा, इथं जाहीर टाकत नाही. पावसाळ्याच्या आत दोघं मिळून फार तर दोन-तीन अंगणं करतील असं म्हणालेत. त्यांच्या वहीत पहिलं नाव मी चावडीचं लिहायला लावलंय, पेन्सिलनं.